रंगरुटाचा अर्थ

मास्तरांबरोबर निपाणीच्या बाजाराला जायचं म्हणजे घरून पोटभर जेवून निघावं लागे. वांग्यांच्या ढिगापासून मिरच्यांच्या ढिगापर्यंत पोचायला त्यांना निम्मी सकाळ लागायची, आणि तोवर पिशवीत काही पडलेलं नसायचं. बटाट्याचा भाव विचारून ते थांबत नसत. "बटाटा हा शब्द कुठून आला माहीत आहे का तुला?" असंही विचारत. भाजीवाली म्हणायची, "गाडीतनं आला, मास्तर. घ्याचा आसंल तर घ्या." मग मास्तर तिला पोर्तुगीज लोक, त्यांची गलबतं, गोवा असं सगळं उभ्या उभ्या सांगत. मागची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत आणि मी आकाशाकडे बघत असे.

एकदा न्हाव्यानं त्यांची अर्धी दाढी केली होती. तेवढ्यात मास्तरांच्या डोक्यात आलं की वस्तरा हा शब्द फारसी आहे. त्यांनी न्हाव्याचा हात धरला आणि त्याला ते समजावून सांगितलं. न्हावी वयस्क आणि शांत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल की. पर मास्तर, साबन वाळतोय." मास्तर तसेच उठले, घरी गेले, कोशात वस्तरा बघून आले आणि मग उरलेली दाढी करून घेतली. निपाणीत त्या दिवशी लोकांना बोलायला दुसरा विषय नव्हता.

हा कोश इंग्रजी होता, जाडजूड, कातडी पुठ्ठ्याचा. बेळगावच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात मास्तरांनी तो घेतला होता. बाकीचे लोक खुर्च्या आणि आरसे घेत होते. मास्तर तो कोश मांडीवर घेऊन टांग्यातून निपाणीला आले. खोलीत त्याला वेगळा पाट होता. फारसी, कानडी असलं जे मास्तरांना माहीत होतं ते त्यांनी त्याच्या समासांत बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. मास्तर स्वतः जमिनीवर बसत, कोश पाटावर बसे.

"शब्दालाही आईबाप असतात," ते म्हणत. "सोयरीक करताना चौकशी करतोस ना? मग शब्द तोंडात घेताना का करत नाहीस?"

मी गणित शिकवत असे. माझा या चौकशीशी काही संबंध नव्हता. पण मी आणि मास्तर एकाच घरात राहत होतो, त्यामुळे सुटका नव्हती.

ते घर आक्काचं. गावाच्या कडेला, पाठीमागे तिचं तंबाखूचं रान. सोप्यात एका बाजूला मास्तरांची खोली, दुसऱ्या बाजूला माझी, आणि दोघांचं जेवण आक्काच्या चुलीवरचं. आक्काचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तिला दोन मुलगे. थोरला रामू, धाकटा शिदू. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं रान बघायचं आणि धाकट्यानं पलटणीत जायचं. या घरात उलटं झालं होतं. रामूला बैलांपेक्षा बँड आवडायचा. तो बेळगावला जाऊन भरती झाला, आणि शिदू बैलांपाशी राहिला. मी निपाणीला आलो त्याच्या आदल्या वर्षी रामू बसऱ्याला मेला. लढाई चालूच होती. तिला तेव्हा कुणी पहिली म्हणत नसे, कारण दुसरी व्हायची होती.

आक्काशी मास्तरांचं चांगलं जमायचं. त्यांचं ऐकून घेणारी आणि वर उत्तर देणारी निपाणीत ती एकटीच. एकदा भाकरी खाता खाता मास्तर म्हणाले, "आक्का, तुम्हाला सगळे आक्का म्हणतात. तो शब्द मूळ कानडी बरं का."

"मग काय करू? कानडीला परत दिऊ व्हय?" आक्का म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

रंगरूट हा शब्द मास्तरांच्या मागे लागला तो भरतीमुळे. त्या वर्षी जिकडे तिकडे तोच ऐकू येत होता. उचगावचा एक पेन्शनर सुभेदार गावोगाव फिरून पोरं गोळा करायचा. पांढऱ्या मिशा, छातीवर बिल्ले, बोलायला गोड. चावडीवर रंगरूट, देवळात रंगरूट, शाळेच्या घंटेपाशीसुद्धा रंगरूट. आमचा शिपाई पाण्याची घागर सांडली की स्वतःलाच रंगरूट म्हणून घ्यायचा. मास्तरांनी ठरवलं की या शब्दाचा छडा लावायचा.

कोशात बघण्याआधी लोकांना विचारायचं हा त्यांचा नियम होता. कोश काय, कुठं पळून जात नाही, असं ते म्हणत. त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या हमालाला विचारलं. तो म्हणाला, "रंगरूट म्हंजे मानेवर जू न घेतल्यालं खोंड." वखारीचे मालक जैन होते, घरी कानडी बोलत. ते म्हणाले, "सरकारचं फुकटचं जेवण जेवतो तो." नाताळच्या सुट्टीत मास्तर बेळगावला गेले आणि परेडच्या मैदानाच्या कडेला उन्हात उभे राहिले. मलाही नेलं होतं. कवायत थांबली तसे त्यांनी हवालदाराला गाठलं. हवालदार हसून म्हणाला, "रंगरूट म्हंजे दोन्ही पाय डावे आसल्याला मानूस." त्याच्या मागं मच्छे गावचा एक पोरगा घाम पुसत उभा होता. त्यालाही मास्तरांनी विचारलं. तो आधी हवालदाराकडं बघून घेऊन हळूच म्हणाला, "ज्याला पानी पन इचारून प्यावं लागतं, त्यो." हे उत्तर मास्तरांना फार आवडलं. परतीच्या वाटेवर ते दोनदा तरी म्हणाले की हा मुलगा शाळेत असता तर बरं झालं असतं.

याच दौऱ्यात त्यांना आणखी एक शब्द मिळाला. छावणीत साहेबांची जी पोरं अंमलदारी शिकत होती त्यांना क्याडेट म्हणत. घरी आल्यावर मास्तरांनी कोश उघडला. क्याडेट म्हणजे मूळ धाकटा मुलगा. विलायतेकडं जमीनजुमला थोरल्याला, आणि धाकट्याच्या हातात तलवार देऊन त्याला घराबाहेर काढायचं. मास्तर खूश झाले. ते स्वतः खानापूरकडचे, घरात धाकटे, आणि जमीन सगळी भावाकडं. "आमच्याकडं थोरल्याला जमीन आणि धाकट्याला इंग्रजी पाचवीचा वर्ग," ते म्हणाले. "एकूण मीही क्याडेटच म्हणायचा." पुढचे आठ-पंधरा दिवस ते ताठ चालत होते.

मग रंगरूट. तो रिक्रूट या इंग्रजी शब्दावरून आला हे त्यांना आधीच माहीत होतं. पण रिक्रूटचे आईबाप कोण? कोशानं सांगितलं, शब्द फ्रेंच. अर्थ, पुन्हा वाढलेलं. मास्तर कोशावर वाकून बराच वेळ बसले. मग उठून मागच्या दाराशी गेले. आक्का रानातून नुकतीच आली होती, हात तंबाखूच्या चिकानं काळे झाले होते.

"आक्का, तंबाखूचा शेंडा खुडला की बगलेतून जे पुन्हा येतं त्याला तुम्ही काय म्हणता?"

"फुटवा. का वो?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. हे त्यांच्या स्वभावाविरुद्ध होतं. कारण सांगितल्याशिवाय ते कधी प्रश्न विचारत नसत. आक्कापुढं हा अर्थ सांगू नये एवढं त्यांना त्या वेळी कळलं होतं. मला सांगताना मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. "बघ, एक कापायचा आणि दुसरा वाढवायचा. कुणी तरी फ्रेंच शेतकऱ्यानं केलेला शब्द असणार हा." मी म्हटलं, असेल. मला वह्या तपासायच्या होत्या.

त्याच सुमाराला सुभेदार आक्काच्या घरी येऊ लागला. पलटणीच्या गावांत एक चाल होती. घरातला गडी लढाईत पडला की त्याच कंपनीत त्याच्या भावाला घ्यायचं. याला जागा राखणं म्हणत. सक्ती कुणाची नसे. उलट तो घरचा हक्क समजत, आणि जागा दुसऱ्या घराकडं गेली तर भावकीत नाचक्की होई. सुभेदार ओट्यावर बसून चहा पिई आणि म्हणे, "रामूची जागा ठिवलीया, आक्का. साहेब इचारतोय." आक्का म्हणे, "रामूची जागा ह्या घरात बी रिकामीच हाय. ती कोन भरनार?" सुभेदार उठून जाई, आणि महिन्याभरानं परत येई. शिदू काहीच बोलत नसे. तो विशीतला, अबोल, रुंद खांद्यांचा होता. त्याचं मन कुठं होतं ते त्यालाही माहीत नसावं. आक्काला एवढंच हवं होतं की हा उरलेला रानातच राहावा. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, सुभेदारालासुद्धा.

अशात निपाणीत भरतीची मोठी सभा ठरली. बाजाराचाच दिवस निवडला. मांडव घातला, हलगीवाले आणले. बेळगावहून एक गोरा साहेब आला, चिकोडीहून मामलेदार आले. साहेबाचं भाषण मराठीत सांगायला मामलेदारांचा कारकून येणार होता, पण त्याला ताप आला. मामलेदारांनी शाळेत निरोप पाठवला, आणि शाळेनं मास्तरांना पाठवलं. शाळेतल्या कुणाच्याही मनात शंका आली नाही. माझ्या मात्र आली होती. मी वाटेत म्हटलं, "मास्तर, साहेब बोलेल तेवढंच सांगा." ते म्हणाले, "तेवढंच म्हणजे काय? त्यात जे आहे ते सगळंच सांगावं लागेल की."

सुरुवात झकास झाली. मास्तरांचा आवाज खणखणीत होता. राजा, राज्य, मराठ्यांची तलवार, सगळं त्यांनी साहेबापेक्षा चांगलं सांगितलं. लोक ऐकत होते. दोन-तीन पोरं पुढं सरकलीसुद्धा. मग साहेब म्हणाला की या तालुक्याकडून आम्हाला रिक्रूट हवेत. मास्तर थांबले. ते थांबले तेव्हाच मी डोक्याला हात लावला.

"साहेबांना रंगरूट हवेत," मास्तर म्हणाले. "आता रंगरूट म्हणजे काय ते समजून घेऊ. हा शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ, कापल्यावर पुन्हा वाढलेलं. तुम्ही तंबाखूवाले, तुम्हाला सांगायला नको. आपला फुटवा असतो ना, तोच."

फ्रेंच कुणाला कळलं नव्हतं, पण फुटवा पोरासोरांना कळला होता. मागून एक म्हातारा उठला. "मास्तर, फुटवा तर आमी काढून टाकतो. त्यात कस नसतोय."

दुसरा बसल्या बसल्या म्हणाला, "आरं, पर पयलं पीक कापून झालं म्हन की मग!"

यावर कुणी हसलं नाही. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांत आक्का होती. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. पुढं सरकलेली पोरं पुन्हा मागं गेली. साहेब मामलेदारांना विचारू लागला की हे काय म्हणाले, आणि मामलेदारांना सांगता येईना. हलगीवाल्यांना कुणी तरी खूण केली, ते वाजवू लागले. त्या दिवशी एकाही पोरानं नाव दिलं नाही.

मास्तरांनी हे मुद्दाम केलं असं सगळ्यांना वाटलं. मी त्यांच्याबरोबर राहत होतो म्हणून छातीठोक सांगतो, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. भरती व्हावी असंही नव्हतं, होऊ नये असंही नव्हतं. शब्द समोर आला, त्यांनी त्याचा अर्थ सांगितला. पण गावाला हे पटेना. एक तरुण वकील रात्रंदिवस देशाच्या गोष्टी करायचा, तो हार घेऊन अभिनंदनाला आला. मास्तरांनी त्याला बसवून घेतलं आणि वकील शब्दाचं मूळ अरबीत कसं आहे ते सांगितलं. तो हार विसरून गेला. आक्कानं तो बैलाच्या गळ्यात घातला.

दुसऱ्या बाजूनं मामलेदार खवळले होते. शाळेच्या कमिटीला धडकी भरली. कमिटीचे अध्यक्ष वखारीचे मालकच, माणूस सज्जन. ते घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, पुढच्या बाजाराला मांडवात उभं राहून एवढंच सांगा, चुकून बोललो. रंगरूट म्हणजे शूर जवान. मामलेदार गप्प बसतील."

"शूर जवान असा अर्थ नाही."

"असू दे हो. कोण बघतंय?"

"कोशात नाही," मास्तर म्हणाले. "मी नाही सांगू शकत. हवं तर दुसऱ्या कुणाला उभं करा, मी खाली बसून ऐकतो. पण मला विचारलं तर मी नाही म्हणेन."

अध्यक्षांनी दोनदा समजावलं, एकदा कानडीतसुद्धा. मग मास्तरांची इंग्रजीची यत्ता काढून घेतली आणि त्यांना बिगारीच्या वर्गावर बसवलं. पन्नाशीच्या माणसाला शेंबडी पोरं वळायला लावली. मला राग आला होता, आणि तो मी बोलून दाखवला. मास्तर म्हणाले, "बिगारी शब्द कुठला माहीत आहे का?" तेव्हापासून मी त्यांच्या बाजूनं रागवायचं सोडून दिलं. गावात मात्र त्यांची पत वाढली. नोकरीवर आलं तरी मास्तर शब्द फिरवत नाहीत, असं भाजीवाल्यासुद्धा म्हणू लागल्या.

आणि मग एका सकाळी शिदू रानातून आला, हातपाय धुतले, आणि चुलीपाशी आईसमोर बसून म्हणाला, "म्या सोमवारी सुभेदारांसंगं बेळगावला जातोय."

आम्ही दोघं तिथंच न्याहारीला बसलो होतो. आक्काचा हात पिठात होता, तो तसाच राहिला.

"आता का रं? इतकं दीस न्हाई म्हनालास न्हवं?"

"काई बी म्हनालो न्हवतो. मला कळत न्हवतं." शिदूनं मास्तरांकडं मान केली. "मास्तरांनी सांगितलं तवा कळलं. दादा कापला गेला. त्या खोडाचा फुटवा म्या हाय. माज्याबिगार त्या जागंवर दुसरं कोन येनार?"

सभेतल्या बाकी सगळ्यांना त्या अर्थानं मागं ओढलं होतं, आणि याला एकट्याला पुढं ढकललं. आक्का त्याच्यावर ओरडली नाही, रडलीही नाही. ती मास्तरांकडं वळली.

"मास्तर, अर्थ तुमी सांगितलासा. आता तुमीच परत घ्या."

मास्तर न्याहारी अर्धी टाकून खोलीत गेले. मी डोकावून बघितलं तर कोश पाटावर उघडा होता आणि मास्तर भिंतीकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि रानात गेले. शिदू बांधावर बसून पायातला काटा काढत होता.

"शिदू," मास्तर म्हणाले, "मी पुन्हा बघितलं. माझी चूक झाली. तो शब्द तो नव्हे. पान उलटताना गडबड झाली. रंगरूट म्हणजे भाड्यानं आणलेला माणूस. कुणाच्या जागी वगैरे काही नाही त्यात. कुणीही भाड्यानं आणावा, त्याला घरचा लागत नाही."

मी मास्तरांना एवढ्या दिवसांत चुकीचा अर्थ सांगताना पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. मान खाली, आवाज पडलेला, आणि बोटं छत्रीच्या मुठीवर सारखी हलत होती. मला त्यांची इतकी दया आली की मी दुसरीकडं बघितलं.

शिदूनं काटा काढून टाकला. त्याला राग आला नव्हता. "मास्तर, मामलेदारानं नोकरीला हात घातला, तवा तुमी अर्थ बदलला न्हाईसा. बिगारीत बसलासा. आता माज्या आयेसाटी बदलतायसा. लई उपकार झालं. पर खरा कंचा ते मला ठावं हाय."

"मी सांगतो ना, चुकलो म्हणून!"

"तुमी चुकत न्हाईसा," शिदू म्हणाला, आणि बैलांकडं गेला.

मांडवात उभं राहून मास्तर शूर जवान म्हणाले असते, तर बांधावरचं हे खोटं पचलं असतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. मी हे मास्तरांना कधी बोललो नाही. त्यांना ते माझ्याआधी सुचलं असणार.

शिदू सोमवारी गेला. बेळगावला कवायत शिकला आणि मग जहाजानं भावाच्याच वाटेनं गेला. त्यानंतर आक्का मास्तरांशी बोलायची बंद झाली. तिनं त्यांना घराबाहेर काढलं नाही. ताट वेळेवर वाढायची, भाकरी गरम असायची, दूध लागेल तेवढं असायचं. फक्त बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, मास्तर समोर बसलेले असतानासुद्धा. "त्यास्नी म्हनावं, उद्या येक वकुतच जेवान हाय." मी ते मास्तरांना सांगायचो, आणि ते मान हलवायचे. मी त्यांना दुसरी जागा बघू म्हटलं. त्यांनी नकार दिला. शिदू नव्हता, म्हणून शाळा सुटल्यावर ते आक्काच्या रानात जाऊ लागले. त्यांना बैल हाकता येत नव्हते, म्हणून ते पाणी पाजायचे आणि फुटवे काढायचे. त्यांच्या धोतराला तंबाखूच्या चिकाचे डाग पडले. बाजारात ते आता भाव विचारत, भाजी घेत आणि घरी येत. माझा वेळ वाचू लागला, पण मला ते आवडलं नाही.

पावसाळा संपता संपता शिदू गेल्याची बातमी आली. लढाईत नाही, तापानं. आक्का दोन दिवस चुलीपाशी गेली नाही. शेजारच्या बायकांनी आम्हाला जेवायला घातलं.

पुढं काही दिवसांनी सुभेदार आला. त्याला सरकारी कामासाठी आक्काचा अंगठा हवा होता. ओट्यावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. त्याचेही डोळे भरले होते. दोन्ही पोरं त्यानंच नेली होती. मास्तर दाराशी खांबाला टेकून बसले होते, मी बाजूला. आक्कानं अंगठा दिला. बोलायला काही उरलं नाही, तेव्हा सुभेदाराच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो प्रश्न गेला. तो प्रत्येक घरी हाच विचारत असे. त्याला वाईट म्हणावं असं मला कधी वाटलं नाही.

"आक्का, घरात आनखी कोन गडीमानूस हाय?"

विचारल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्यानं तोंडावर हात ठेवला.

आक्का म्हणाली, "हाय की. ह्ये मास्तर हायत. ह्यास्नी न्या."

मास्तर उठले. खोलीत गेले, खुंटीवरचा कोट काढला आणि अंगात घालून बाहेर आले. खालपासून एकेक बटण लावत ते सुभेदारासमोर उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, छाती आत गेलेली, दृष्टी अधू. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसलो असतो.

"मास्तर, आक्का रागानं बोलली वो," सुभेदार म्हणाला. "बसा तुमी."

"रागानं नाही," मास्तर म्हणाले. "बरोबर बोलल्या त्या. चला."

सुभेदारानं माझ्याकडं बघितलं, मग आक्काकडं. आक्का उंबऱ्यावर बसून मास्तरांना बघत होती. हा माणूस खरोखर निघाला आहे, वाट चालू लागला तर थांबणार नाही, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं, आणि मला भीती वाटली. सुभेदारानं टोपी उचलली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेला. मास्तर तिथंच कोट घालून उभे राहिले.

आक्का आत गेली. चूल पेटवल्याचा आवाज आला, परातीचा आला, मग भाकरी थापल्याचा. पहिली भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत मास्तर जागचे हलले नाहीत, आणि मलाही त्यांना बसा म्हणायचा धीर झाला नाही.

"किती येळ हुबं ऱ्हातासा?" आक्का आतून म्हणाली. "कोट काडा आनि या जेवायला."

मास्तरांनी कोट काढला नाही. तसेच आत गेले आणि ताटावर बसले.